समांतर वाक्ये, सरळ विचार

अकरावीच्या प्रयोगवह्या चाळताना एकदा आम्हाला पुढील वाक्य आढळले : ‘चंचुपात्रात पाणी घेणे, आम्ल सावकाश मिसळले, काचकांडीने ढवळावे आणि ते त्यात ओतू नये.’ ज्या विद्यार्थ्याने हे लिहिले त्याला प्रयोग चांगला समजला होता. तोंडी विचारल्यावर त्याने अचूक उत्तर दिले. पण त्याची वही वाचून दुसरा कोणी प्रयोग करू लागला, तर त्याने काय समजावे? ‘ते’ म्हणजे पाणी की आम्ल? आणि ‘त्यात’ म्हणजे कशात?

या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्याचे डोळे अवलंबून असू शकतात. संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळते तेव्हा पुष्कळ उष्णता बाहेर पडते. हे आम्ल पाण्याच्या सुमारे १.८४ पट घन आहे. आम्लात पाणी ओतले, तर हलके पाणी वरच्या थरातच राहते, तेथेच एकदम तापून उकळते आणि आम्लाचे शिंतोडे उडवते. याउलट भरपूर पाण्यात आम्ल थोडे थोडे सोडून ढवळत राहिले, तर जड आम्ल खाली उतरत पसरते व उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. म्हणून सूचना अशी हवी : ‘पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी घालू नये.’

या वाक्याचे दोन भाग एकाच साच्यातले आहेत. ‘पाणी’ आणि ‘आम्ल’ यांनी जागा बदलल्या आहेत आणि होकाराचा नकार झाला आहे. बाकी सारे तसेच असल्यामुळे वाचणाऱ्याचे लक्ष नेमके त्या बदलाकडे जाते. अशा बांधणीला समांतर रचना म्हणतात.

नियम सोपा आहे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’ यांनी जे घटक जोडायचे ते एकाच जातीचे असावेत. नामाला नाम जोडावे, ‘-णे’ला ‘-णे’ आणि ‘-आवे’ला ‘-आवे’. मराठीत प्रयोगाची एकच पायरी आपण चार तऱ्हांनी लिहितो : पाणी घ्या, पाणी घ्यावे, पाणी घेणे, पाणी घेतले. यांपैकी पहिल्या तीन सूचना आहेत, चौथे घडलेल्या गोष्टीचे वर्णन आहे. कोणतीही एक तऱ्हा निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, एवढे विद्यार्थ्यांना सांगितले तरी निम्मे काम होते. उरलेल्या निम्म्यासाठी कारण सांगावे लागते. काय करायचे आणि काय केले, हे विज्ञानात वेगळे ठेवावे लागते. ‘कृती’ आणि ‘निरीक्षण’ हे दोन मथळे त्यासाठीच आहेत. ‘घ्यावे’ आणि ‘घेतले’ यांची सरमिसळ झाली की तो भेद पुसला जातो.

विभक्तीच्या प्रत्ययांकडेही लक्ष हवे. ‘मुळांमध्ये, खोड आणि पानांत अन्न साठवले जाते’ हे वाक्य लंगडते. ‘मुळांत, खोडात आणि पानांत’ असे लिहावे, किंवा ‘मुळे, खोड आणि पाने यांत’ असे लिहावे. दोन्ही बरोबर आहेत. अर्धे याचे आणि अर्धे त्याचे घेणे बरोबर नाही.

आता आपल्या सर्वांच्या परिचयाचा प्रश्न घेऊ : ‘फरक स्पष्ट करा – वनस्पती पेशी व प्राणी पेशी.’ पुष्कळ उत्तरांत डावीकडे ‘पेशीभित्तिका असते’ आणि समोर उजवीकडे ‘आकाराने सहसा लहान असते’ असे लिहिलेले असते. दोन्ही विधाने खरी आहेत. पण फरक कोठे आहे? पेशीभित्तिकेसमोर पेशीभित्तिकेविषयीच काही हवे : ‘पेशीभित्तिका असते’, ‘पेशीभित्तिका नसते’. पुढच्या ओळीत रिक्तिकेसमोर रिक्तिका आणि आकारासमोर आकार. येथे शब्दांबरोबर मुद्देही समांतर असावे लागतात. विद्यार्थ्याला ओळ जुळवता आली नाही, तर त्याने दोन वर्णने पाठ केली आहेत आणि तुलना अजून केलेली नाही, असे समजावे. ही चूक लाल शाईने खोडण्यापेक्षा ‘आपण कोणत्या गुणधर्माची तुलना करतो आहोत?’ एवढेच समासात लिहावे.

समांतर रचना मुलांना नवी नसते. ‘खाण तशी माती’, ‘पेराल तसे उगवेल’ या म्हणी त्यांनी घरीच ऐकलेल्या असतात. ‘जसे–तसे’, ‘जितके–तितके’, ‘जेव्हा–तेव्हा’ या मराठीतल्या जोड्या विज्ञानाच्या नियमांसाठी फारच सोयीच्या आहेत. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम असा सांगता येईल : ‘ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे तापमान स्थिर असताना, त्याचा दाब जितक्या पटीने वाढतो तितक्या पटीने त्याचे आकारमान कमी होते.’

हाच नियम विद्यार्थी पुष्कळदा असा लिहितात : ‘दाब वाढवला की वायूचे आकारमान कमी होते आणि तापमान स्थिर राहते.’ वाक्य कानाला खटकत नाही. पण ‘आणि’ने येथे घोटाळा केला आहे. तापमान स्थिर असणे ही अट होती. ती परिणामांच्या रांगेत जाऊन बसली. प्रत्यक्षात वायू झपाट्याने दाबला तर तो तापतो. सायकलमध्ये जोरजोराने हवा भरल्यावर पंपाला हात लावला की याचा अनुभव येतो. जे घटक एका जातीचे नाहीत त्यांना एका रांगेत बसवू नये, ही समांतर रचनेच्या नियमाची दुसरी बाजू आहे.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. रचना समांतर असली म्हणजे विधान खरे ठरते असे नाही. पुढील वाक्य पाहा : ‘प्राणी ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात.’ व्याकरणात कोठेही बोट ठेवायला जागा नाही. वाक्य इतके डौलदार आहे की एकदा ऐकले की विसरत नाही. पण पहिल्या भागात श्वसनाविषयी सांगितले आहे आणि दुसऱ्यात प्रकाशसंश्लेषणाविषयी. दोन वेगळ्या क्रिया एका साच्यात ओतल्यामुळे वनस्पती श्वसन करतच नाहीत, किंवा उलटे श्वसन करतात, असा समज मुलांच्या मनात घर करतो. खरे पाहता वनस्पती दिवसरात्र श्वसन करतात आणि त्यासाठी ऑक्सिजनच वापरतात. मग वाक्य कसे लिहावे? ‘श्वसनासाठी प्राणी ऑक्सिजन घेतात आणि वनस्पतीही ऑक्सिजन घेतात, प्रकाशसंश्लेषण हिरव्या वनस्पती करतात, प्राणी करत नाहीत.’ यात पूर्वीचा डौल नाही, पण श्वसनासमोर श्वसन आले आणि प्रकाशसंश्लेषणासमोर प्रकाशसंश्लेषण.

वर्गात करून पाहण्यासाठी एक सोपा उपक्रम सुचवतो. मुलांच्या वह्यांतले एखादे लांब वाक्य, नाव न सांगता, फळ्यावर घ्यावे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’ यांच्यापाशी ते तोडावे आणि तुकडे एकाखाली एक मांडावेत. मग दोन प्रश्न विचारावेत : या तुकड्यांचे रूप सारखे आहे का? आणि हे तुकडे एकाच गोष्टीविषयी बोलतात का? पहिल्या प्रश्नाने भाषेची चूक सापडते, दुसऱ्याने विज्ञानाची. सरावासाठी आरसे आणि भिंगे घ्यावीत. अंतर्वक्र आरसा, बहिर्वक्र आरसा, अंतर्वक्र भिंग, बहिर्वक्र भिंग यांवर पडलेल्या समांतर प्रकाशकिरणांचे काय होते, ते मुलांना एकाच साच्याच्या चार ओळींत लिहू द्यावे. अंतर्वक्र आरसा किरण एकत्र आणतो, तर अंतर्वक्र भिंग किरण पसरवते. बहिर्वक्राचे याच्या उलट होते. चार ओळी एकाखाली एक आल्या की ही अदलाबदल मुलांच्या आपोआप लक्षात येते आणि ‘असे का?’ हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो.

आमच्या प्रयोगशाळेत एकाने लिहिलेल्या कृतीवरून दुसऱ्याला काम करावे लागते, आणि लिहिणारा त्या वेळी शेजारी असतोच असे नाही. शाळेतली प्रयोगवही ही त्याचीच तयारी आहे. तेव्हा वही तपासताना अधूनमधून स्वतःला विचारावे : हे वाचून मी आम्लाची बाटली हातात घेईन का?