अहो, पुन्हा उठलात?

प्रोस्टेटची कुरकुर घरात सर्वांत आधी कळते ती बायकोला, कारण झोपमोड तिचीही होते. रात्रीतून तीनदा बाथरूमचा दिवा लागतो. आत बराच वेळ शांतता, मग तुटक धार, थांबून पुन्हा चार थेंब. सकाळी विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘झोपताना पाणी जास्त झालं.’

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून बसलेली ही ग्रंथी तरुणपणी अक्रोडाएवढी, साधारण 20 ग्रॅमची असते. वयाबरोबर ती वाढते; साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत या वाढीच्या खुणा दिसतात. मार्ग चेपला की मूत्राशयाला जोर लावावा लागतो. त्याचा स्नायू जाड होतो आणि चिडचिडाही. म्हणून धार बारीक होते, आणि त्याच माणसाला लघवीची घाईही आवरत नाही.

ही वाढ कशामुळे होते, याचा एक धागा डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत सापडला. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना पुरुषी होत. 1974मध्ये संशोधकांनी कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनचं अधिक प्रभावी ‘डीएचटी’त रूपांतर करणारं विकर त्यांच्यात नीट काम करत नव्हतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट लहानच राहत असे. तेच विकर रोखणारं फिनास्टेराइड 1992मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आलं. गुण यायला महिने लागतात, आणि या गोळीमुळे कर्करोगाच्या शंकेसाठी रक्तात मोजल्या जाणाऱ्या ‘पीएसए’चा आकडा जवळपास निम्म्यावर येतो. ती चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर रिपोर्ट उगाच दिलासा देतो.

पण रात्री उठणारा प्रत्येक नवरा प्रोस्टेटचाच रुग्ण, असं धरू नका. मधुमेह, पायांवर सूज आणणारा हृदयविकार, घोरताना श्वास अडकणं, यांतही रात्री लघवी वाढते. बाथरूममध्ये खुणांचा प्लास्टिकचा मग ठेवा. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसकट वहीत टिपा. रात्री दर वेळी तीन-चारशे मिली भरत असेल, तर शरीर रात्री लघवीच जास्त बनवतंय. प्रत्येक खेपेला जेमतेम शंभर असेल, तर मूत्राशय किंवा प्रोस्टेटकडे बोट जातं. महागड्या तपासण्यांआधी ही वही डॉक्टरांपुढे ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंथरूण ओलं होऊ लागलं आणि नवऱ्याला दुखत काहीच नसेल, तर ते ‘वय झालं’ म्हणून धुऊन टाकू नका. मूत्राशय तुंबून वरचेवर सांडत असू शकतं आणि मागे साचलेल्या दाबाने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चादर बदलणाऱ्या बाईला हे दिसतं. नवरा मात्र लाजेने डॉक्टरांपाशी अवाक्षर काढत नाही. दुसरा धोका घरच्या औषधांच्या डब्यात. सर्दीच्या कित्येक गोळ्यांतली नाक मोकळं करणारी किंवा झोप आणणारी औषधं अशा माणसाची लघवी पूर्ण बंद पाडू शकतात. ओटीपोट फुगलंय, कळा येताहेत, थेंबही होत नाही, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठा. नळी घालावी लागते. लघवीत रक्त दिसलं, एकदाच का असेना, तर तपासणी टाळू नये.

कर्करोगाची भीती मनात असतेच. साधी वाढ पुढे कर्करोग बनत नाही. ती मूत्रमार्गालगतच्या भागात होते, तर कर्करोग बहुधा बाहेरच्या भागात सुरू होतो आणि सुरुवातीला गप्प राहतो. म्हणजे धार चांगली आहे यावरून तो नाही असं ठरत नाही. कंबर किंवा हाडं सतत दुखणं, वजन उतरणं, ही बहुधा उशिराची चिन्हं.

लघवीच्या तक्रारी मोजायला जगभर सात प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज आठपासून त्रास मध्यम, वीसपासून तीव्र. सातवा प्रश्न रात्री किती वेळा उठता, हा आहे. त्याचं उत्तर बायको शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना द्यावं. ‘एखाद्या वेळी’चे तीन-चार तिथेच होतात.