जी फाईल डिलीट होत नाही, तिचे करायचे काय?

कापडाच्या पेढीवर, जरीकामाच्या कारखान्यात, शिलाईच्या दुकानात आता कॉम्प्युटर पोहोचला आहे. बिले, चलने, उधारीची खाती, भरतकामाची डिझाईने, गिऱ्हाइकाला पाठवायचे कापडाचे फोटो, सगळे त्यातच असते. दोन-चार वर्षांत डिस्क भरते, मशीन सुस्त होते आणि मालक किंवा मुनीम साफसफाईला बसतो. अशा वेळी एखादी फाईल अडून बसते. डिलीट दाबले की पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येते. चौकट बंद केली तरी फाईल जागच्या जागी.

मग काही जण नाद सोडून देतात. काही जण इंटरनेटवरून कुठले तरी फुकटचे सॉफ्टवेअर उतरवून जोर लावतात. व्यापारी बांधवांना माझे सांगणे आहे की, दोन्हीची घाई करू नये. कॉम्प्युटरच्या प्रत्येक नकारामागे कारण असते आणि बहुतेक वेळा ते त्याच चौकटीत लिहिलेले असते. कधी कारण किरकोळ असते, तर कधी त्याच नकारामुळे आपली वर्षभराची खाती वाचलेली असतात. म्हणून चौकट बंद करण्याआधी मोबाईलने तिचा फोटो काढावा, इंग्रजी जाणणाऱ्याकडून ती वाचून घ्यावी आणि मगच हात लावावा. आपल्या दुकानांत बहुतेक विंडोजवर चालणारी मशीन आहेत, म्हणून पुढील माहिती विंडोजचीच दिली आहे.

आधी ओळख पटवा

पहिला प्रश्न असा की, ही फाईल पुसण्यासारखी आहे का? टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एका कंपनीची सर्व खाती पाच किंवा सहा आकडी नावाच्या एका फोल्डरमध्ये राहतात. नुसता आकडा पाहून नवख्या माणसाला तो कचरा वाटतो. प्रोग्रॅम चालू असेल तर विंडोज तो फोल्डर पुसू देत नाही. त्या वेळी जोर लावून तो पुसला, तर रोजमेळ, उधारी आणि मालाचा साठा एका झटक्यात जाईल.

कायद्याची बाजूही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२३-२४ या वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, तर त्या वर्षाची खाती ३१ डिसेंबर २०३० पर्यंत ठेवलीच पाहिजेत. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर तिचा निकाल लागल्यानंतर एक वर्षापर्यंत किंवा वरची मुदत, यांपैकी जी उशिराची असेल ती लागू होते. जुनी बिले जागा खातात म्हणून पुसू नयेत. ती बाहेरच्या डिस्कवर उतरवावीत, उघडून पाहावीत आणि मगच मशीनवरून काढावीत.

तसेच ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाईल्स’ या फोल्डरांतील फाईली हाताने पुसू नयेत. नको असलेला प्रोग्रॅम ‘सेटिंग्ज’मधील ‘ॲप्स’मध्ये जाऊन ‘अनइन्स्टॉल’ करावा. अँटिव्हायरसचा फोल्डर तर मुद्दाम संरक्षित केलेला असतो. तोही याच रस्त्याने काढायचा.

फाईल कोणाच्या तरी हातात आहे

ओळख पटली, फाईल खरोखर नको आहे आणि तरीही ती जात नाही. चौकटीवर ‘फाईल इन यूज’ असे असेल तर ती कोणत्या तरी प्रोग्रॅमने उघडून ठेवली आहे. कारागिराच्या कात्रीखाली असलेला तागा आपण ओढून घेत नाही, तसाच हा प्रकार आहे. प्रोग्रॅम फाईलमध्ये काही लिहीत असताना ती नाहीशी झाली तर काम बिघडेल, म्हणून विंडोज तिला कुलूप लावते.

बहुतेक वेळा चौकटीतच त्या प्रोग्रॅमचे नाव असते. एक्सेल असेल तर एक्सेल बंद करावे. नाव एक्सप्लोररचे असेल, तर फाईल निवडल्यावर उजव्या बाजूला तिचे चित्र दाखवणारा ‘प्रिव्ह्यू पेन’ बंद करून पाहावे. डिझाईनचे फोटो आणि व्हिडिओ असलेल्या फोल्डरमध्ये हा अनुभव नेहमी येतो. एक्सेल अचानक बंद पडले, तर मूळ नावाच्या आधी ~$ ही चिन्हे असलेली एक छोटी फाईल मागे राहू शकते. एक्सेल पूर्ण बंद असल्याची खात्री करून ती पुसता येते.

नाव दिसत नसेल तर विंडोजमध्येच शोधण्याची सोय आहे. ‘स्टार्ट’मध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधून उघडावे, ‘सीपीयू’च्या पानावर ‘असोसिएटेड हँडल्स’ या रकान्यात फाईलचे नाव लिहावे. ज्या प्रोग्रॅमने ती धरली आहे त्याचे नाव खाली येते. विंडोज १० आणि ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवरटॉईज’ या मोफत संचात ‘फाईल लॉकस्मिथ’ नावाचे साधन २०२२ पासून मिळते. फाईलवर उजवे बटण दाबून तेच काम त्याने होते. प्रोग्रॅम कळला की आधी त्यातील काम जतन करून त्याला रीतसर बंद करावे. तो ऐकत नसेल तरच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा आणि त्याला थांबवावे.

दुकानात दोन-तीन मशीन एकमेकांना जोडलेली असतील, तर गोदामातल्या मशीनवरही फाईल उघडी असू शकते. ज्या मशीनमध्ये ती साठवली आहे, तिथे ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मधील ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्यातील ‘ओपन फाईल्स’ पाहावे. मात्र तिथून परस्पर बंद करण्यापेक्षा गोदामात फोन करून बंद करायला सांगणे चांगले. तिकडचा माणूस चलन लिहीत असेल, तर त्याची मेहनत वाया जाईल.

यातले काहीच जमले नाही तर मशीन ‘रीस्टार्ट’ करावे. येथे एक बारकावा आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, अनेक मशीनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असते. त्यामुळे ‘शट डाऊन’ करून पुन्हा सुरू केल्यावर विंडोजचा आतला भाग पहिल्याच अवस्थेत परततो. ‘रीस्टार्ट’ने मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून या कामासाठी ‘रीस्टार्ट’च निवडावे.

मालकीचा प्रश्न

चौकटीवर ‘ॲक्सेस डिनाईड’ किंवा ‘यू नीड परमिशन’ असे आले, तर प्रश्न हक्काचा आहे. विंडोज प्रत्येक फाईलचा मालक कोण हे लिहून ठेवते. जुन्या मशीनची डिस्क काढून नव्या मशीनला जोडली की हा प्रकार घडतो. फाईल आपलीच असते, पण तिच्यावर जुन्या मशीनच्या खात्याचे नाव असते.

मशीनचा मुख्य वापरकर्ता, म्हणजे ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, ही मालकी बदलू शकतो. फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’ असे जावे. ‘ओनर’समोरील ‘चेंज’ दाबून आपल्या खात्याचे नाव द्यावे, आतील फाईलींनाही ते लागू करण्याच्या खुणेवर टिक करावी आणि मग त्याच पानावर आपल्या खात्याला पूर्ण परवानगी द्यावी. हे फक्त आपल्या कामाच्या फोल्डरसाठी करावे. संपूर्ण सी ड्राईव्हची मालकी बदलणारे लोक पाहिले आहेत. त्याने विंडोजच बिघडते.

नावातच खोट असेल तर

कधी चौकट सांगते की फाईल सापडत नाही आणि ती तर समोर दिसते. आधी ‘एफ ५’ दाबून पडदा ताजा करावा. तरीही दिसत असेल, तर नावाच्या शेवटी रिकामी जागा किंवा टिंब असण्याची शक्यता आहे. दुसऱ्या प्रकारच्या मशीनवरून आलेल्या फाईलीत असे होते. विंडोज नाव वाचताना शेवटचे टिंब सोडून देते, म्हणून त्याला फाईल सापडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये पूर्ण पत्त्याच्या आधी \\?\ ही चिन्हे लावली की विंडोज नाव जसेच्या तसे घेते आणि फाईल पुसता येते. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे. एक अक्षर चुकले तर दुसरेच काही पुसले जाईल.

दुसरा दोष लांबीचा. जुन्या नियमाप्रमाणे ड्राईव्हपासून फाईलपर्यंतचा सगळा पत्ता २६० अक्षरांत बसावा लागतो. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा फोल्डर, अशी सवय असली की ही मर्यादा ओलांडली जाते. मराठीत नावे देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘मालेगाव’ आपल्याला चार अक्षरी वाटते, कॉम्प्युटर ती सात मोजतो. उपाय सोपा आहे. बाहेरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची करावीत किंवा आतला फोल्डर उचलून थेट ड्राईव्हच्या तोंडाशी ठेवावा. मग तो पुसला जातो.

डिस्क थकली असेल तर

हा भाग सर्वांत लक्षपूर्वक वाचावा. ‘राईट प्रोटेक्टेड’ असे आले आणि फाईल मेमरी कार्डावर असेल, तर कार्डाच्या अडॅप्टरची बाजूची छोटी कळ ‘लॉक’वर आहे का ते पाहावे. कळ ठीक असेल किंवा पेनड्राईव्हला कळच नसेल, तर बातमी वाईट असू शकते. पेनड्राईव्हची मेमरी झिजली की अनेकदा ती नवे लिहिणे आणि पुसणे थांबवते, फक्त वाचू देते. फाईल पुसली, पेनड्राईव्ह काढून पुन्हा लावला आणि फाईल परत हजर, हे त्याचेच लक्षण. अशा वेळी पुसण्याचा नाद सोडून आतला सगळा माल त्याच घडीला दुसरीकडे उतरवून घ्यावा. भिवंडी असो की इचलकरंजी, डिझाईने एकाच पेनड्राईव्हवर घेऊन फिरणाऱ्या कारागिराची ती पुंजी आहे.

‘करप्टेड अँड अनरीडेबल’ असा संदेश आला तर डिस्कवरील नोंदी बिघडल्या आहेत. ड्राईव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘टूल्स’ आणि तिथे ‘चेक’ अशी दुरुस्तीची सोय आहे. पण आधी कामाच्या फाईलींची नक्कल काढावी आणि मग दुरुस्तीला हात घालावा. दुरुस्तीत एखादी अर्धवट फाईल कापली जाण्याचा संभव असतो.

पुसली तरी परत येते

फाईल पुसली आणि थोड्या वेळाने पुन्हा आली, तर दोन शक्यता. पहिली म्हणजे फोल्डर गूगल ड्राईव्ह किंवा वनड्राईव्हला जोडलेला असून दोन्हीकडचा मेळ बसलेला नाही. येथे जपून वागावे, कारण अशा सामाईक फोल्डरमध्ये एका ठिकाणी पुसलेले भागीदाराच्या आणि हिशेबनीसाच्या मशीनवरूनही जाऊ शकते. गूगल ड्राईव्हच्या आणि घरगुती वनड्राईव्हच्या कचरापेटीत फाईल ३० दिवस राहते. चूक त्या मुदतीत ध्यानात यावी लागते.

दुसरी शक्यता व्हायरसची. तो आपली फाईल पुन्हा पुन्हा तयार करतो. पेनड्राईव्हमधील सगळे फोल्डर ‘शॉर्टकट’ झालेले दिसले, तर ते उघडू नयेत आणि पेनड्राईव्ह फॉरमॅटही करू नये. मूळ फाईली बहुधा आत लपवलेल्या असतात. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’तील ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाईन स्कॅन’ आहे. त्यात विंडोज सुरू होण्याआधीच मशीनची तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला जागा राहत नाही. साधारण पाव तास लागतो. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवली आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुनी मशीन चालवणाऱ्यांनी विसरू नये.

शेवटचा उपाय

एवढे करूनही फाईल अडली तर ‘सेफ मोड’. शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे. पुढे ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ असे जाऊन पुन्हा ‘रीस्टार्ट’ आणि यादी आल्यावर ४ चा आकडा. यात मोजकेच प्रोग्रॅम सुरू होतात, म्हणून कुलूप लावणारा बहुधा हजर नसतो. डिस्कला ‘बिटलॉकर’ असेल तर ४८ आकडी किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधी शोधून ठेवावी, नाहीतर सगळी डिस्कच बंद राहील.

अनोळखी जागेवरचे ‘जबरदस्तीने पुसणारे’ सॉफ्टवेअर मात्र दुकानाच्या मशीनवर घेऊ नये. त्याला पूर्ण अधिकार द्यावे लागतात आणि ज्या मशीनवर बँकेचा आणि जीएसटीचा पासवर्ड टाकला जातो, तिथे अनोळखी माणसाला तिजोरीच्या किल्ल्या कोण देईल?

मशीनवर बसणाऱ्या मुलाला चार ओळी लिहून द्याव्यात. संदेश वाच. फाईल कोणत्या कामाची आहे ते विचार. बाहेरच्या डिस्कवर नक्कल आहे याची खात्री कर. मग रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न कर. बरीचशी प्रकरणे इथेच मिटतात. जी मिटत नाहीत, त्यांच्यासाठी एक दिवस थांबून जाणकाराला बोलवावे. एक फाईल जास्त राहिल्याने धंदा बुडत नाही, खात्याची फाईल गेली तर उधारी कोणाकडून वसूल करायची, हा प्रश्न उभा राहतो.