हा एंड कोणाचा?

जेवताना भाची म्हणाली, "मावशी, लुआमध्ये शून्य खरं असतं." वरणभात कालवता कालवता तिने ते सांगितलं आणि पुढे काहीच बोलली नाही. मी वीसेक वर्षं मुद्रितशोधन करते आहे. एका चिन्हाने वाक्याचा अर्थ कसा फिरतो हे रोज पाहते. त्यामुळे शून्याला खरं मानणारी ही प्रोग्रामिंगची भाषा मला बघायचीच होती. ती लुआ शिकते त्या कोथरूडमधल्या सोसायटीच्या अभ्यासिकेत पुढच्या रविवारी तिच्याबरोबर गेले.

नऊ मुलं, सहा लॅपटॉप. बाहेर पाऊस, आत ओल्या सतरंजीचा आणि तापलेल्या चार्जरचा वास. शिकवणारी ताई आठवडाभर नोकरी करते आणि रविवारी सकाळी दोन तास इथे येते. मुलं लुआ शिकतात आणि 'लव्ह' नावाच्या मोफत साधनावर छोटे खेळ करतात. वरून आंबा पडतो, खाली टोपली सरकवायची, आंबा झेलला की गुण, हुकला की एक जीव कमी.

भिंतीवर एक कार्डशीट होतं, त्यावर हाताने लिहिलेले २२ शब्द. इफ, देन, एल्स, एंड, लोकल, निल वगैरे. "भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेले शब्द एवढेच, फक्त २२," ताई मला म्हणाली. शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, शब्द २२च आहेत, मग आमच्या चुका एवढ्या कशा?" ती हसली, उत्तर दिलं नाही. त्याचा प्रश्न मात्र दोन तास माझ्या डोक्यातून गेला नाही.

आधी शून्याचं. भाचीच्या खेळात तिन्ही जीव गेले तरी आंबे पडतच होते. तिने लिहिलं होतं, "इफ जीव देन", म्हणजे जीव असेल तर खेळ चालू ठेव. जीव शून्य झाले की खेळ थांबेल असा तिचा हिशेब. पण लुआत खोट्या गोष्टी दोनच, फॉल्स आणि निल. बाकी सगळं खरं: शून्यही आणि रिकामी अक्षरमालाही. ताईने तिला दप्तरातला डबा काढायला लावला. "डब्यात लाडू किती?" "शून्य." "आणि तुझ्या निळ्या डब्यात?" "निळा डबा नाहीये माझ्याकडे." "मग? शून्य हे उत्तर आहे. निल म्हणजे डबाच नाही." भाचीने 'जीव' खोडून 'जीव > ०' केलं. शून्याची एवढी स्वच्छ समजूत मला माझ्या शाळेत कुणी घातली नव्हती.

मुलांचे प्रश्न ऐकताना एक गोष्ट लक्षात आली. त्यांतले बहुतेक दुसरीकडे शिकलेल्या सवयीतून येतात. एक मुलगा क्लासमध्ये सी ही भाषा शिकून आला होता. 'समान नाही' यासाठी तो तिकडचं उद्गारचिन्ह लावत होता, इथे नागमोडी रेघ लागते: ~=. दुसरी मुलगी गणितात हुशार. फळ्यावर "गुण = गुण + १" बघून ती जवळजवळ रागावली. "हे कसं बरोबर असेल? पाच बरोबर सहा?" बाकीची मुलं हसली, पण तिचं म्हणणं खरंच होतं. शाळेत आपण त्या चिन्हाला 'बरोबर' म्हणतो. ताई म्हणाली, "एकच चिन्ह असेल तर 'हे आता इथे ठेव'. दोन असतील तर 'सारखं आहे का?' असा प्रश्न." मुलीने वहीत दोन्ही चिन्हं लिहिली आणि दुसऱ्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

लुआत यादीतला पहिला आंबा एक नंबरचा, शून्य नंबरचा नाही, हे मुलांना खटकत नाही. शून्यापासून मोजणारी सी शिकलेल्यालाच खटकतं. हे एकपासून मोजणं कुठून आलं, ते लुआच्या जन्माकडे पाहिलं की कळतं. लुआ ब्राझीलची. रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात १९९३ साली रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुईझ एन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती केली. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने परदेशी संगणक आणि सॉफ्टवेअरवर कडक निर्बंध ठेवले होते, त्यामुळे आपली साधनं आपणच घडवायची सवय तिथे लागलेली. पेट्रोब्रास या तेलकंपनीच्या कामातून आधी दोन छोट्या भाषा झाल्या. त्यांतल्या एकीचं नाव सोल, म्हणजे सूर्य. तिच्यामागून आली ती लुआ, म्हणजे चंद्र. वापरणारे बहुतेक इंजिनिअर होते, प्रोग्रामिंग हा ज्यांचा व्यवसाय नाही असे लोक. ही माणसं एकपासूनच मोजतात. आज मराठी विकिपीडियावरच्या कित्येक माहितीचौकटींमागेही हीच भाषा राबते.

एका बाबतीत मात्र मला या भाषेचा राग आला. नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर ती अडवत नाही. नवंच नाव समजते आणि त्याची किंमत निल धरते. एका मुलाने वर 'वेग' लिहिलं आणि खाली घाईत 'वेघ'. भाषा गप्प. बेरजेची वेळ आली तेव्हा कुठे ओरडली, की निलमध्ये काही मिळवता येत नाही. नवशिक्याला एवढी मोकळीक देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक नावाआधी लोकल लिहायची शिस्त ताई लावते. त्याने ही चूक पकडली जात नाही, पण नाव जन्माला घालताना मूल एक क्षण थांबतं.

आता त्या मुलीबद्दल, जिच्यापाशी मी दोन तासांतला निम्मा वेळ बसून होते. बाराएक वर्षांची, दोन घट्ट वेण्या, बोलणं कमी. तिच्या पडद्यावर निळ्या पाटीवर पांढरी ओळ आली होती: ४१व्या ओळीवर एंड हवा होता, ९व्या ओळीवरचं फंक्शन बंद करायला. ४१वी ओळ म्हणजे फाइलचा शेवट. तिथे काहीच नव्हतं.

"ताई, फंक्शन बंद केलंय मी. हा काय एंड."

ताई मागे येऊन उभी राहिली. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. सकाळभर मी पाहत होते, ती कुणाच्याही कीबोर्डला हात लावत नाही. चूक तिला दिसली होती, तिच्या डोळ्यांवरून मला ते कळलं. ती एवढंच म्हणाली, "हा एंड कोणाचा?"

"फंक्शनचा."

"त्याला विचार. वरपासून."

मुलीने डाव्या हाताचं बोट ९व्या ओळीवर ठेवलं आणि उजव्या हाताचं खाली सरकवत नेलं. १४व्या ओळीवर इफ होता, आंबा टोपलीत पडला का हे बघणारा. पुढचा एंड आला तो १८व्या ओळीवर. उजवं बोट तिथे थांबलं. डावं ९वरून उचलून तिने १४वर ठेवलं, पुन्हा ९वर नेलं, पुन्हा १४वर. दोन उघडलेली दारं आणि कडी एकच. फंक्शनचा म्हणून लिहिलेला एंड इफने घेतला होता. मग खालचं चित्र काढणारं फंक्शनही, स्वतः व्यवस्थित बंद असूनही, या उघड्या फंक्शनच्या पोटात गेलं होतं, आणि भाषा फाइल संपेपर्यंत वाट बघत राहिली.

माझ्या कामात अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की हेच होतं. लेखकाचं निवेदन पात्राच्या तोंडी जातं, आणि वाचणाऱ्याला अडखळायला होतं ते दोन परिच्छेद पुढे, जिथे काहीच चुकलेलं नसतं. तिथून उलटं चालत यावं लागतं. हे चालणं मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या पहिल्या नोकरीत चूक सापडली नाही की वरिष्ठ प्रूफ ओढून घेत, लाल खूण करत आणि परत देत. काम लवकर व्हायचं. मला यायला मात्र कित्येक वर्षं गेली.

इथे वीस मिनिटं गेली. मध्ये सीवाला मुलगा येऊन म्हणाला, "मी सांगू का?" ताईने मान हलवली आणि त्याला त्याच्या जागी पाठवलं. चहा आला, मुलीच्या शेजारी तो निवून गेला. भिंतीवरच्या २२ शब्दांतला हा एक शब्द, तीन अक्षरी, त्याला वीस मिनिटं. ती वाया गेली असं मला एकदाही वाटलं नाही.

तिने १७व्या ओळीपुढे जागा केली आणि एंड लिहिला. मग इफच्या आतल्या ओळी चार-चार जागा आत सरकवल्या, कुणी न सांगता. खेळ सुरू झाला. आंबा पडला, टोपलीच्या डाव्या कडेवरून निसटला, एक जीव कमी झाला. दुसरा आंबा टोपलीत पडला, आणि पडदा पुन्हा निळा. १६वी ओळ, निलमध्ये काहीतरी मिळवायचा प्रयत्न.

ताई दोन पावलं पुढे आली होती. मुलीने वळून पाहिलं नाही. डाव्या हाताचं बोट तिने १६व्या ओळीवर ठेवलं, आणि ओठ हलवत त्या ओळीतलं एकेक नाव अक्षर-अक्षर वाचायला लागली.