पुस्तक वाचकाच्या दारी

१८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची सभा भरविली. साहित्यसंमेलनाची परंपरा तिथूनच सुरू झाली. लिहिणारे एकत्र आले. पण पुस्तक खेड्यापाड्यांत पोचवायचे कसे, हा प्रश्न उरलाच.

समजा, विजयदुर्गच्या एखाद्या गुरुजींनी किल्ल्यावर पुस्तक छापले. प्रती माळ्यावरच राहिल्या, तर वाचणार कोण? वाळवी! आता इंटरनेटवरच्या दुकानात ते मांडता येते. आधी आयएसबीएन हा १३ अंकी क्रमांक घ्यावा. भारतात तो सरकारकडून विनामूल्य मिळतो. मग चार सोप्या ओळींत पुस्तकाची ओळख लिहावी. नवख्या लेखकाचे नाव कोणी शोधत नाही, विषय शोधतात. म्हणून त्या ओळींत ‘विजयदुर्ग’ हा शब्द हवाच. आणि मागणी आली, की त्याच दिवशी पुस्तक टपालात टाका बरं का!