पाण्यात न उतरता पाण्याखालचा शॉट

'द शेप ऑफ वॉटर' (2017) ची सुरुवात आठवतेय? पाण्यात बुडालेलं घर, तरंगणाऱ्या खुर्च्या, झोपलेली नायिका. तो सेट कोरडा होता! धूर, तारांवर टांगलेल्या वस्तू आणि प्रोजेक्टरने सोडलेला लाटांचा उजेड. याला 'ड्राय फॉर वेट' म्हणतात. 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर' (1990) मधल्या पाण्याखालच्या दृश्यांतल्या पाणबुड्याही धुरात फिरवलेली मॉडेल्सच.

घरी करायचं तर खरा खेळ प्रकाशाचा. परातीत दोन बोटं पाणी, तळाला आरसा, वरून तिरका टॉर्च. बोटाने पाणी हलवलं की समोरच्या भिंतीवर, चेहऱ्यावर उजेडाची जाळी नाचायला लागते. बल्ब एकच आणि लहान हवा. मोठ्या पॅनल लाइटने जाळी पुसट होते.

शूट 60 किंवा 120 फ्रेम्सवर, टाइमलाइन 25 ची. केस, ओढणी टेबलफॅनने खालून उडवा. पाणी लाल रंग आधी शोषतं, म्हणून ग्रेडिंगमध्ये लाल उतरवा. धुराला धूप चालतो (घरच्यांना आधी सांगा!). एडिटिंगमध्ये चिकटवलेले बुडबुडे मला तरी खोटे वाटतात. त्यापेक्षा लेन्ससमोर माशांची रिकामी टाकी पाणी भरून ठेवा आणि एअर पंपाने खरेच सोडा.