फिरत्या चक्राच्या अलीकडचं पान

मागच्या श्रावणात भाच्याला घेऊन महाळुंगे पडवळला गेलो होतो. हुतात्मा बाबू गेनूंचं हे गाव. गिरणीत काम करणारा हा तरुण मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला, ते भाच्याला सांगत होतो. "मामा, कधीची गोष्ट?" त्यानं विचारलं. तारीख पडताळायला फोन काढला, तर रेंजची एकच काडी. पहिलं संकेतस्थळ उघडलं. पांढरं पान आणि मधोमध फिरणारं चक्र. बराच वेळ थांबलो, चक्र फिरतच राहिलं. मग मराठी विकिपीडिया उघडला. चित्रं आली नाहीत, मजकूर मात्र आला : १२ डिसेंबर १९३०.

असं का होतं, याचा नाद मला बारा-तेरा वर्षांपासून आहे. नवं संकेतस्थळ दिसलं की ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करून मी ते एकदा पाहतोच.

थोडी पूर्वपीठिका. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत रचली. पान जागच्या जागी बदलतं ते बहुतेकदा तिच्यामुळे. सुरक्षिततेसाठी, जाहिराती टाळायला किंवा डेटा वाचवायला काही जण ती बंद ठेवतात. त्यांच्यासाठी 'नोस्क्रिप्ट' नावाची खूण असते. तिच्यातला मजकूर स्क्रिप्ट बंद असेल तरच दिसतो. बहुतेक ठिकाणी त्यात एकच वाक्य सापडतं : कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा. आलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवण्याचा हा प्रकार मला मुळीच पटत नाही.

पण या खुणेची खरी मर्यादा मला कळली ती ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागानं २०१३ मध्ये केलेल्या मोजणीमुळे. ती मला फार आवडते. त्यांनी एका पानावर तीन चित्रं ठेवली : एक सगळ्यांसाठी, एक स्क्रिप्ट चालली तरच मागवलं जाणारं, एक नोस्क्रिप्टच्या आतलं. पाच लाखांहून जास्त भेटी मोजल्या. १.१ टक्के लोकांना स्क्रिप्टचा लाभ झाला नव्हता. त्यांतले नोस्क्रिप्टचं चित्र मागवणारे फक्त ०.२ टक्के! उरलेल्या ०.९ टक्क्यांनी पहिलं चित्र तेवढं मागवलं. त्यांच्या ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालू होती, फक्त ती पोचली नाही किंवा चालली नाही. नेटवर्क तुटलं असेल, कचेरीच्या यंत्रणेनं वाटेत अडवली असेल. अशांना नोस्क्रिप्टचं वाक्यसुद्धा दिसत नाही. महाळुंग्यात त्या दिवशी आम्ही दोघं त्याच ०.९ टक्क्यांत होतो.

विकिपीडियाची रचना इथं उपयोगी पडते. सर्व्हरकडून येणाऱ्या पानाच्या अगदी वरच्या खुणेवर 'क्लायंट-नोजेएस' असा शिक्का असतो, म्हणजे या वाचकाकडे स्क्रिप्ट नाही असंच धरून चाललेलं. स्क्रिप्ट चालली, तर ती तो शिक्का बदलून 'क्लायंट-जेएस' करते. ब्राउझर फार जुना निघाला, तर पुढच्या जड स्क्रिप्ट मागवल्याच जात नाहीत. आधी भाकरी-कालवण वाढायचं, कोशिंबीर-पापड मागून. स्क्रिप्ट नसेल तर शोधचौकटीत सूचना येत नाहीत, पण शब्द लिहून बटण दाबलं की निकाल येतात. मोबाइलवर मिटलेले राहणारे विभाग सगळे उघडे दिसतात. तक्त्यांचे स्तंभ क्रमानं लावता येत नाहीत, एवढंच.

पूर्वी नोकियाच्या फोनवर मी ऑपेरा मिनी वापरायचो. त्यात पान दूरच्या सर्व्हरवर तयार होऊन आकसून यायचं आणि स्क्रिप्टला तिथंच काही क्षण मिळायचे. साधी बांधलेली पानं त्यावर झरझर उघडायची. आता वारं उलटं वाहतंय. २०२५ पासून गूगलचा शोधही जावास्क्रिप्टशिवाय चालत नाही. शोधासारख्या मूळ गरजेला ही अट घालणं मला चुकीचं वाटतं.

मराठीपुरती एक अडचण मात्र खरी. विकिपीडियावर रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची जी सोय आहे, ती स्क्रिप्टवरच चालते. स्क्रिप्ट नसेल तर फोनचा किंवा संगणकाचा स्वतःचा मराठी कळफलक लागतो.

घरी परतल्यावर भाच्यानं हेच करून पाहिलं. संगणकावर स्क्रिप्ट बंद केली, तिथलाच मराठी कळफलक घेतला आणि एका लेखात 'संपादन' दाबलं. जुनी साधी मजकुराची चौकट उघडली. त्यानं एका शब्दातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली, खालचं बटण दाबलं. पान पुन्हा नव्यानं आलं, वेलांटी दीर्घ होऊन.