गोष्टीवेल्हाळ गुर्जर

नाट्यसंगीताची बैठक जमली की 'एकच प्याला'तली सिंधूची पदे निघतातच, आणि कुणीतरी मान डोलावत म्हणतोच, "काय लिहिलंय गडकऱ्यांनी!" मग माझी जीभ वळवळू लागते. रत्नागिरीतल्या अशाच एका बैठकीत मी शेजारच्या काकांना म्हटले, "नाटक गडकऱ्यांचं, पण पदं आपल्या गुर्जरांची." तबलजीवरची नजर न काढता काकांनी विचारले, "हे कोण?"

विठ्ठल सीताराम गुर्जर (१८८५–१९६२), रत्नागिरी जिल्ह्यातले, गडकऱ्यांचे जिवलग. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकरी सावनेरला वारले, तेव्हा 'एकच प्याला' पदांवाचून तसाच राहिला होता. गंधर्व नाटक मंडळीला तो रंगभूमीवर आणायचा होता. गायिका सुंदराबाईंच्या चाली आल्या आणि मित्राच्या नाटकासाठी गुर्जरांनी शब्द लिहिले. महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, बडोद्यात पहिला प्रयोग झाला. सिंधूच्या भूमिकेत अर्थातच बालगंधर्व. इतक्या घाईत लिहिलेली पदे शंभर वर्षे टिकावीत, याचे मला अजून नवल वाटते.

पण गुर्जरांचा खरा प्रांत गोष्टींचा. त्याआधी हरिभाऊ आपट्यांनी आपल्या 'करमणूक' साप्ताहिकातून स्फुट, म्हणजे छोट्या सुट्या गोष्टी लिहिल्या होत्या; गुर्जरांना ती जागा मिळाली 'मनोरंजन'मध्ये.

'मासिक मनोरंजन' १८९५ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी काढले. हे मूळचे आजगावकर. बंगाली शिकवणाऱ्या गुरूंचे आडनाव त्यांनी घेतले. दिवाळी अंकाची प्रथाही त्यांचीच, १९०९ सालची. म्हणजे आजच्या दिवाळी अंकांचे मूळपुरुष तेच. याच मासिकात गुर्जरांच्या 'संपूर्ण गोष्टी', म्हणजे एकाच अंकात पुऱ्या होणाऱ्या कथा, येत. एका स्नेह्यांच्या माडीवर मला जुने बांधीव अंक चाळायला मिळाले. पान उलटताना कोपऱ्याचा चुरा बोटांना लागत होता, तरी गोष्ट अर्ध्यावर सोडवेना. चिठ्ठी भलत्याच्याच हाती पडते, एकाला दुसराच समजले जाते, गुंता वाढत जातो आणि शेवटच्या पानावर अलगद सुटतो.

बऱ्याच गोष्टी बंगालीवरून, विशेषतः प्रभातकुमार मुखोपाध्यायांवरून घेतलेल्या. म्हणून नाके मुरडणारे आहेत. मी त्यांच्यातला नाही. नुसते कथानक उसने आणले म्हणून वाचक महिनाभर पुढच्या अंकाची वाट पाहत नाही. घर, बोलणे, थट्टा सगळे मराठी व्हावे लागते, आणि ते गुर्जरांनी केले.

त्याच सुमारास तिकडे न्यूयॉर्कमध्ये ओ. हेन्री हेच करत होता. खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर. बँकेच्या पैशांच्या अफरातफरीबद्दल तीन वर्षे तुरुंगात काढलेला हा गृहस्थ १९०३ पासून 'न्यूयॉर्क वर्ल्ड'साठी आठवड्याला एक गोष्ट लिहू लागला. 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' १९०५ ची. शेवटच्या परिच्छेदात सगळे उलटते. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता, पण अंक छापायला जायची तारीख दोघांच्याही मानगुटीवर होती आणि दोघांनाही वाचकाला चकवायची भारी हौस.

पुढे कथाकार ना. सी. फडक्यांनी या कसबाचे तंत्र सांगितले आणि नाव त्यांचे झाले. टीकाकारांनी गुर्जरांना 'रंजक' म्हणून बाजूला सारले. ज्यांना स्वतः चव घेऊन पाहायची आहे त्यांनी 'द्राक्षांचे घोस' या नावाचे त्यांचे कथासंग्रह जुन्या ग्रंथालयात शोधावेत. फक्त सकाळी लवकर उठायचे असेल तर रात्री हाती घेऊ नयेत.